जुनाट दुखणे आणि तेच ते विचार: नव्याने समजून घेणाऱ्यांसाठी

ज्यांची कंबर, मान, गुडघे किंवा डोके तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत आहे, ज्यांच्या तपासण्या झाल्या आहेत, औषधे चालू आहेत, आणि तरीही ज्यांच्या दिवसातले कित्येक तास ‘हे असेच राहणार का’, ‘माझ्याच वाट्याला का’, ‘उद्या उठताच आले नाही तर’ या तीन-चार वाक्यांभोवती फिरण्यात जातात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. तीन महिन्यांची मर्यादा मी माझ्या मनाने ठरवलेली नाही. इतका काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन वेदना म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात या वेदनेला स्वतःचे स्थान मिळाले आहे.

माझी कंबर नऊ वर्षे दुखते आहे. बोरिवली ते चर्चगेट हा रोजचा प्रवास, त्यात दुखणे, आणि दुखण्याहून अधिक दमवणारे दुखण्याविषयीचे विचार, असा माझा बराच काळ गेला. मी डॉक्टर नाही. जे शिकले ते एका फिजिओथेरपिस्टकडून, एका समुपदेशकाकडून आणि थोडे वाचनातून शिकले. ज्या क्रमाने शिकायला हवे होते त्या क्रमाने मात्र मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून तो क्रम येथे मांडत आहे.

पायरी १: आधी खात्री करून घ्यावी

विचारांवर काम करण्यापूर्वी दुखण्याची वैद्यकीय तपासणी एकदा नीट झालेली असावी. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतल्या भागात आणि बसण्याच्या जागेत बधिरपणा आला, किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, कारण नसताना घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, यांपैकी काही असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगावे. अशा वेळी ‘मी उगाच काळजी करते आहे’ असे म्हणून गप्प बसू नये.

पायरी २: अहवालातले शब्द एकदाच, पण पुरते समजून घ्यावेत

माझ्या पहिल्या एमआरआयचा अहवाल पाहून एका डॉक्टरांनी म्हटले होते, “मणके पार झिजलेत हो तुमचे, आता जपून राहा.” त्यांना त्या दिवशी घाई होती, माझ्यामागे रांग होती, आणि वाक्य त्यांच्या दृष्टीने तिथेच संपले. माझ्या डोक्यात ते पुढची दोन वर्षे चालू राहिले. मी पाण्याची बादली उचलणे सोडले, भाचीला कडेवर घेणे सोडले, आणि शिंक आली तरी भिंतीला धरू लागले.

जे मला तेव्हा ठाऊक नव्हते ते असे. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून केलेला एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वीस वर्षे वयाच्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशी वर्षे वयाच्या सुमारे ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकतीत झीज दिसली. ही चकती थोडी बाहेर आलेली असणे हेही विशीतल्या सुमारे ३० टक्क्यांत आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्क्यांत आढळले. या सगळ्यांना काहीच दुखत नव्हते. अहवालाला अर्थ नसतो असे यावरून म्हणता येत नाही; काहींच्या बाबतीत नस खरोखरच दबलेली असते आणि त्यावर उपचार लागतात. पण ‘झीज’ हा शब्द दिसला म्हणजे शरीर मोडकळीस आले, असे मानण्याचे कारण नाही.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे तिथेच लिहून घ्यावीत. यातले वयानुसार असणारे किती आहे? मी नेमके काय टाळायचे, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत? आणि दुखत असतानाही काय केले तर चालेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा कोणी आपणहून देत नाही, ते मागूनच घ्यावे लागते. त्यानंतर फाईल कपाटात ठेवावी. रात्री मोबाईलवर अहवालातला एकेक शब्द शोधत बसणे म्हणजे माहिती घेणे, असे मला वाटत असे; प्रत्यक्षात ते त्याच विचाराचे आणखी एक आवर्तन होते.

पायरी ३: दुखणे आणि विचार एकमेकांना कसे धरून ठेवतात ते पाहावे

ही पायरी सर्वांत मोठी आहे, आणि ती समजल्याशिवाय पुढच्या पायऱ्या कोरड्या सूचना वाटतील.

विचारांचा उल्लेख झाला की रुग्णाला पहिल्यांदा अपमान वाटतो, कारण ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य त्याने कुठे ना कुठे ऐकलेले असते. ते वाक्य चूक आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने मांडली, तेव्हा वेदना हा शारीरिक संवेदनेचा आणि भावनेचा एकत्र असा अप्रिय अनुभव आहे, असे म्हटले. शिवाय माणूस दुखते म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, अशी टीपही त्या व्याख्येला जोडली. दुखणे खरे असते. प्रश्न इतकाच असतो की ते किती मोठ्याने जाणवावे, हे कशावर ठरते.

रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा संशोधकांनी १९६५ मध्ये असे मांडले की पाठीच्या कण्यात जणू एक दार असते. शरीराकडून येणारे संदेश त्या दाराशी कमीजास्त होतात, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते दार उघडू किंवा लोटू शकतात. त्यांच्या मांडणीतले तपशील पुढे बदलले, पण मेंदू वेदनेचे संदेश दाबतोही आणि वाढवतोही, ही गोष्ट टिकली. आपले लक्ष कुठे आहे, आपल्याला किती धोका वाटतो आहे, झोप किती झाली आहे, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. शिवाय दीर्घकाळ दुखत राहिल्यावर मज्जासंस्थाच अधिक हळवी होऊ शकते, आणि मग पूर्वी न दुखणारा स्पर्शही दुखू लागतो.

गर्दीच्या डब्यात ज्या बाईच्या पर्समधून एकदा पैसे गेले आहेत, तिचा हात पुढे महिनोन्महिने पर्सवरून निघत नाही. तिला लागणारा प्रत्येक धक्का खराच असतो, पण तो धक्का केवढा वाटावा हे तिच्या त्या दक्ष हातावर ठरते. सतत दुखण्याकडे लागलेले मन असेच काम करते. दादरला चढणाऱ्यांचा लोंढा यायच्या आधीच माझी पाठ ताठ होत असे, श्वास वर अडकत असे, आणि त्या ताठरपणानेच अंधेरीपर्यंत कळा सुरू होत.

मायकेल सुलिव्हन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या विचारांसाठी तेरा वाक्यांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक वाक्याला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. तिच्यात विचारांचे तीन पदर वेगळे दिसतात. पहिला रवंथ, म्हणजे दुखण्याचा विचार बाजूलाच न सारता येणे. दुसरा अतिशयोक्ती, म्हणजे यातून काहीतरी भयंकर होईल असे वाटणे. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही आपली म्हण नेमकी याच पदराची आहे. तिसरा हतबलता, म्हणजे आता माझ्या हातात काही उरले नाही असे वाटणे. हे गुण ज्यांचे जास्त असतात त्यांना सरासरीने दुखतेही जास्त, कामेही अधिक सुटतात, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाही अधिक राहण्याचा संभव असतो. या विचारसरणीला इंग्रजीत ‘कॅटॅस्ट्रोफायझिंग’ असे जे नाव पडले आहे त्यातून रुग्ण उगाच बाऊ करतो असा सूर निघतो, म्हणून अनेक रुग्णांनी आणि तज्ज्ञांनीही त्यावर आक्षेप घेतला आहे. मला तो आक्षेप योग्य वाटतो. कोणीही हौसेने असा विचार करीत नाही.

मग मन तेच ते का घोकत राहते? याचे मला सर्वांत पटलेले उत्तर ख्रिस एक्लस्टन आणि गेर्ट क्रोम्बेझ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दिले. काळजी करणारा माणूस खरे तर एक प्रश्न सोडवू पाहत असतो. प्रश्न त्याने असा मांडलेला असतो: हे दुखणे पूर्णपणे कसे घालवू? दीर्घकालीन दुखण्यात या प्रश्नाला पुष्कळदा उत्तर नसते; पण उत्तर न मिळाल्यावर मन प्रश्न सोडून देत नाही, ते अधिक जोराने त्यालाच भिडते, आणि दर फेरीगणिक दुखण्याकडे अधिक लक्ष लागते. हे वाचले तेव्हा माझा स्वतःवरचा राग पुष्कळ ओसरला. माझे मन दुबळे नव्हते, ते चिकाटीने चुकीच्या मांडणीचे गणित सोडवत बसले होते.

याला भीतीची जोड मिळाली की वर्तुळ पुरे होते. वाकले तर मणक्याला इजा होईल म्हणून माणूस वाकत नाही, न वाकल्याने स्नायू अशक्त होतात, मग थोडे वाकले तरी दुखते आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. भीती आणि टाळाटाळ यांचे हे प्रारूप योहान फ्लायेन आणि स्टीव्हन लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये सविस्तर मांडले. दुखण्यामुळे विचार वाढतात आणि विचारांमुळे दुखणे वाढते, अशी ही दोन्ही बाजूंनी चालणारी गोष्ट असल्यामुळे, सुरुवात कोणाची झाली याचा शोध घेण्यात वेळ घालवू नये.

पायरी ४: आठवडाभर फक्त नोंद करावी

या आठवड्यात काहीही बदलायचे नाही. शंभर पानी वही घ्यावी आणि दिवसातून तीन-चार वेळा एकेक ओळ लिहावी: किती वाजता, काय करीत असताना, कोणते वाक्य डोक्यात होते, आणि ते किती वेळ चालले. दुखणे किती होते हे लिहायचे असल्यास दिवसातून एकदाच लिहावे. तासातासाला गुण देत बसलो तर वहीच दुखण्यावर पहारा करू लागते. मी हे पंधरा दिवस केले होते आणि त्याचा त्रासच झाला.

वाक्य आपल्या बोलीत, जसे मनात येते तसेच लिहावे. “गेली आता माझी कंबर कायमची” हे “आरोग्याविषयी चिंता वाटली” यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. आठवड्याच्या शेवटी वाचताना बहुतेकांना एक गोष्ट दिसते: शेकडो वाटलेले विचार प्रत्यक्षात चार-पाच वाक्येच असतात, आणि त्यांच्या वेळाही ठरलेल्या असतात. माझी वाक्ये पहाटे तीन-साडेतीनला, संध्याकाळच्या गाडीची वाट पाहताना, आणि रविवारी दुपारी रिकामे बसल्यावर येत.

विचार करणे आणि विचारात गरगरणे यांतला फरक ओळखायला एक सोपी कसोटी आहे. अर्ध्या तासाच्या विचारानंतर उद्या करायची एखादी लहान, ठोस गोष्ट हाती आली, तर तो विचार होता. काहीच हाती न येता फक्त मन जड झाले, तर ते गरगरणे होते.

पायरी ५: प्रश्नाची मांडणी बदलावी

विचार जबरदस्तीने थांबवायचा प्रयत्न करू नये; ढकललेला विचार दुप्पट जोराने परत येतो. त्याऐवजी प्रश्न बदलावा. एडवर्ड वॉटकिन्स या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून हे स्पष्ट झाले आहे की अमूर्त, ‘का’ने सुरू होणारे विचार माणसाला खोल ओढतात, आणि तेच दुःख ‘काय’, ‘कसे’, ‘केव्हा’ अशा ठोस तपशिलांत मांडले तर त्यातून वाट निघण्याचा संभव वाढतो.

वहीतले एक वाक्य घेऊन पाहू. ‘माझ्याच नशिबी हे का?’ याच्या समोर लिहावे: आज सकाळी सर्वांत जास्त केव्हा दुखले? भांडी घासताना. किती वेळ उभी होते? वीस मिनिटे. उद्या काय वेगळे करून बघता येईल? दहा मिनिटांनी थांबून एक पाय पाटावर ठेवायचा, मग उरलेली भांडी. उत्तर अगदीच लहान वाटेल, आणि ते तसेच असावे. ‘माझी नोकरी टिकेल का?’ याचे रूपांतर ‘सोमवारी साहेबांकडे बसण्याच्या खुर्चीविषयी कसे बोलू?’ असे होऊ शकते. पहिल्या प्रश्नावर रात्रभर जागता येते, दुसऱ्यावर दहा मिनिटांत चार वाक्ये तयार होतात.

काही विचारांना ठोस रूप देताच येत नाही. दुखण्यामुळे जे हातून गेले त्याचे दुःख असते, आणि तिथे प्रश्न बदलण्याचा आटापिटा करू नये. ते दुःख एखाद्या माणसापाशी बोलावे.

पायरी ६: काळजीला वेळ नेमून द्यावी

थॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही रीत तपासली: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजी करायची, इतर वेळी विचार आला की त्याची नोंद करून ‘संध्याकाळी सातला’ असे स्वतःला सांगायचे आणि हातातल्या कामाकडे परतायचे. ऐकताना हे पोरकट वाटते. मलाही वाटले होते, आणि पहिले दहा दिवस काही जमलेही नाही.

मुंबईतल्या दीड खोलीच्या घरात ‘ठरलेली जागा’ कुठून आणायची, हा खरा प्रश्न आहे. इमारतीची गच्ची, सोसायटीच्या आवारातले बाक, चाळीतल्या गॅलरीचे टोक, यांपैकी काहीही चालेल. अंथरूण आणि जेवणाची जागा मात्र निवडू नये, आणि झोपण्याच्या आधीचे दोन तासही नकोत. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळत असेल तर दादरपासून बोरिवलीपर्यंतचा वेळही पुरतो. स्टेशन आले की उतरावेच लागते, आणि ते चांगलेच असते.

पहाटे जाग आल्यावर अंधारात त्या वेळेची आठवण राहणे कठीण असते. उशाशी वही ठेवून वाक्य लिहून टाकावे, आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या जागी बसावे.

पायरी ७: शरीराकडून पुरावा मिळवावा

नुसत्या विचारांनी विचार फारसे बदलत नाहीत. कंबर वाकली तर मोडेल, या वाक्याला सर्वांत खणखणीत उत्तर वाकलेली आणि न मोडलेली कंबरच देते. त्यामुळे फिजिओथेरपिस्टला विचारून एक टाळलेली हालचाल निवडावी, ती सहज जमेल त्याहून थोड्या कमी प्रमाणात सुरू करावी, आणि करण्यापूर्वी वहीत लिहावे: मला काय होईल असे वाटते? नंतर लिहावे: प्रत्यक्षात काय झाले?

मी रेल्वेचा पादचारी पूल निवडला होता, कारण सरकता जिना बंद असला की मी घाबरून रिक्षाने वळसा घालत असे. पहिल्या आठवड्यात फक्त एक टप्पा, मधल्या सपाट जागेवर थांबा, मग उरलेला. लिहिले होते, ‘रात्रभर झोप लागणार नाही’. झाले असे की संध्याकाळी कंबर भरून आली आणि सकाळी नेहमीइतकीच होती. असे अकरा-बारा पुरावे जमल्यावर त्या वाक्याचा जोर ओसरला.

यात दोन चुका हमखास होतात. बरे वाटले त्या दिवशी गणपतीआधीची सगळी साफसफाई एकटीने उरकायची आणि मग चार दिवस आडवे पडायचे, ही पहिली. दुखले की सगळेच बंद करायचे, ही दुसरी. दोन्हींवर उपाय एकच: किती करायचे हे आदल्या दिवशी ठरवावे, आणि चांगल्या किंवा वाईट दिवशी तेवढेच करावे. वाढ आठवड्याने करावी, आणि तीही थोडी.

पायरी ८: घरच्यांना काय सांगावे

घरची माणसे मायेनेच विचारतात, पण दर तासाला “आता कसं वाटतंय गं?” असे विचारले की लक्ष पुन्हा दुखण्यावर जाते. मी सासूबाईंना एके दिवशी शांतपणे म्हटले, “आई, मला काही लागलं तर मी स्वतः सांगेन. तुम्ही मला आज काय केलंस ते विचारत जा.” त्यांना आधी थोडे वाईट वाटले. मग त्यांनी खरोखरच तसे विचारायला सुरुवात केली, आणि आमच्या बोलण्यात कंबरेशिवाय दुसरे विषय आले. जे नातेवाईक ‘मनावर घेऊ नकोस’ एवढेच म्हणतात, त्यांना या लेखातली तिसरी पायरी वाचून दाखवावी.

पायरी ९: मदत कुठे आणि केव्हा मागावी

दोन महिने हे करूनही विचारांचा वेळ घटला नाही, झोप उडाली, कशातच रस उरला नाही, किंवा जगणे नको असे वाटू लागले, तर एकट्याने झुंजू नये. केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते आणि मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर तो फोन आजच करावा, दोन महिन्यांची वाट पाहू नये.

परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत अस्थिरोग, फिजिओथेरपी आणि मनोविकार हे तिन्ही विभाग एकाच आवारात आहेत, ही आपल्या शहरातली मोठी सोय आहे. हाजी अलीजवळ १९५५ पासून चालणारी शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही आहे. मनोविकार विभागाची पाटी पाहून पाय अडखळतात, हे मी जाणते. माझेही अडखळले होते.

अपेक्षा मात्र खरी असावी. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीचा दीर्घकालीन वेदनेतला उपयोग पाहणारा एक मोठा आढावा २०२० मध्ये झाला. त्यात वेदना, हालचालींतली अडचण आणि मनस्ताप या तिन्हींत फायदा दिसला, पण तो सरासरीने लहान होता. माझेही दुखणे गेलेले नाही. त्याच्याविषयीच्या विचारात जे रोजचे चार-पाच तास जात, ते आता तासाभरावर आले आहेत, आणि भाची आता कडेवर घेण्याएवढी राहिली नसली तरी तिच्याबरोबर गोराईपर्यंत जाऊन येता येते.

पहिल्यांदा डॉक्टरांना भेटायला जाताना एका कागदावर तीन ओळी लिहून न्याव्यात: दुखणे किती महिन्यांपासून आहे, दिवसातले किती तास त्याच्या विचारात जातात, आणि त्या विचारांमुळे कोणती कामे करणे सोडले आहे. तपासणीच्या घाईत दुसरी आणि तिसरी ओळ सांगायची राहून जाते, म्हणून केसपेपर पुढे करतानाच तो कागदही द्यावा, आणि वहीतले गेल्या दोन आठवड्यांचे पान उघडून समोर ठेवावे.